नणंदेची हरकत

नरहर गोहोकार वारले तेव्हा घरात कापूस इतका होता, की त्यांना नीट निजवायला जागा करायची म्हणून आधी कापूस सरकवावा लागला.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुसरा वेचा घरी आला होता. ओसरीवरची गंजी आढ्याला टेकली होती, आतल्या खोलीची खिडकी बुजली होती. सकाळी चहा पिऊन नरहर गंजीला पाठ लावून बसले आणि आत भाकरी थापणाऱ्या भावजयीला म्हणाले, "जया, औंदा बोंड मस्त फुटलं वं." जया "हाव" म्हणाली. मग तिनं बैलाच्या ढेपेचं विचारलं, नाल्याकाठच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, विचारलं, आणि तिसऱ्यांदाही उत्तर येईना तेव्हा पिठाच्या हातानं बाहेर आली. पुढं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "भासरे बोंडाचं कौतुक करता करता गेले. ना दवाखाना, ना सुई. असं मरन कोनाले भेटते?"

पिंपरडोह हे गाव मुकुटबनच्या पलीकडे, डांबर संपतं तिथून आत. जया या घरात आली तेव्हा वीस वर्षांची होती, आता बावन्नची. तिचा नवरा, म्हणजे नरहरचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांपूर्वी गेला. नरहरची बायको त्याच्याही आधी गेली होती, मूलबाळ नव्हतं. जयाचा पोरगा पियूष वणीला कोळशाच्या ट्रकवर होता, महिन्यातून एकदा काळाठिक्कर होऊन घरी यायचा. चार एकर वावर जयानं निंदलं, वेचलं, त्याच्या फवारणीचं पाणी डोक्यावर वाहिलं. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव कुठंच नव्हतं, आणि ते नाही हे तिला कधी सुचलंही नव्हतं.

सुचलं ते सरकारी खरेदी केंद्रावर. कापूस आणू का म्हणून विचारायला ती सातबारा घेऊन गेली होती. बाबूनं कागद पाहिला.

"नरहरभाऊले पाठवा. सही लागते."

"ते वारले."

"मंग वारसाले पाठवा."

"वारस कोन?" जयानं विचारलं.

बाबूनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ते मी सांगू का, बाई?"

वारस कोण, हे सांगणारी एक बाई तोवर घरी येऊन बसली होती. नरहरची बहीण शीला. वय बासष्ट, दिली दिग्रसला, नवरा जिनिंगमध्ये मुनीम होता, तो वारल्यावर दोन पोरांच्या संसारात आळीपाळीनं राहायची. भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोन पिशव्या आणि स्वतःची उशी घेऊन बसमधून उतरली. उशी घेऊन येणारी बाई तेरवी झाल्यावर परत जात नसते, हे शेजारच्या उर्वशीनं तिथंच ओळखलं.

शीलानं रडून घेतलं, तोंड धुतलं आणि गंजीकडे पाहून म्हणाली, "माह्या भावाचा कापूस हाये. वारसाचं ठरेपर्यंत एक बोंड हालवाचं नाई."

तेरवीची पंगत उठत होती तेव्हा अंगणात एक स्कूटी येऊन थांबली. तिच्यावरून तिशीतली एक मुलगी उतरली, काळा कोट हातावर, डोक्याला ओढणी. वणीच्या रहमत मिस्त्रीची मुलगी अस्मा. रहमत मिस्त्रीनं नरहरची विहिरीवरची मोटर तीस वर्षं दुरुस्त केली होती. तीन वर्षांपूर्वी मोटर जळाली म्हणून नरहर आणि रामसिंग ती पोत्यात घालून वणीला गेले होते. रामसिंग तांड्यावरचा म्हातारा. नरहरचा एक बैल, त्याचा एक, अशी दोघांची मिळून जोडी चालायची. मिस्त्री म्हणाला, दोन तास लागतील. नरहरला रिकामं बसायची सवय नव्हती. दुकानाच्या वर मिस्त्रीच्या पोरीनं वकिलीची पाटी लावलेली दिसली, तशी ते जिना चढले. खाली मोटर भरून होईपर्यंत वर मृत्युपत्र तयार झालं. त्यावर साक्षीला एक रामसिंग आणि दुसरा समोरचा पंक्चरवाला. पंक्चरवाला मागच्या वर्षी वारला होता.

अस्मानं पाकीट फोडलं आणि उभ्यानंच वाचून दाखवलं. चार एकर वावर, घर, बैल आणि जे काही असेल ते सगळं भावजय जया हिला. 'माझी बहीण शीला हिला काय द्यायचं ते जयानं ठरवावं. हे सगळं नीट वाटून देण्याचं काम वकील अस्मा हिनं करावं. तिचा बाप एकही स्क्रू विसरत नाही, ती बी विसरणार नाही.'

अंगणात उष्ट्या पत्रावळी उडत होत्या.

"जयानं ठरवावं?" शीला म्हणाली. "माह्या बापाचं घर, अन् मले काय द्याचं ते दुसऱ्याची लेक ठरवन?"

जयाला आधी काही कळलंच नाही. डोक्यावर कोणी एकदम भरलेलं गाठोडं द्यावं तसं झालं. मग हळूहळू कळलं, आणि त्याबरोबर आठवलंही. लग्नाच्या पहिल्या वर्षी या नणंदेनं जयाची भाकरी उजेडाकडे धरून सगळ्यांना दाखवली होती, की पाहा, अलीकडचं पलीकडं दिसते. जया एरवी मनाची वाईट नव्हती. पण बत्तीस वर्षांत एक संधी येते, ती सोडवत नाही. तिनं पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, "ठरवीन ना मी. घाई काय हाये?"

या दोन वाक्यांपायी पुढं पाच महिने गेले.

दुसऱ्याच दिवशी शीला पहिल्या बसनं वणीला गेली आणि अनिकेत नावाचा एक तरणा वकील करून आली. अस्मानं कोर्टात प्रोबेटचा अर्ज टाकला. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टानं सांगायचं. जया त्याला 'परभेट' म्हणायची. त्या परभेटीवर शीलानं हरकत घेतली, की माझा भाऊ असं लिहिणारच नाही, त्याचं डोकं ठिकाणावर नसणार.

"काकू, हे हलकं घेऊ नका," अस्मानं जयाला बाजूला घेऊन सांगितलं. "मृत्युपत्र नाही टिकलं तर सगळं शीलाबाईंचं. वावर-घर एकट्या नरहर काकांच्या नावावर, आणि तुमचे मालक त्यांच्या आधी गेले, त्यामुळं कायद्यानं तुमच्याकडे किंवा पियूषकडे काहीच येत नाही. घर पण नाही."

"घर बी नाई?"

"घर पण नाही."

जयानं घराकडे पाहिलं. मागच्या उन्हाळ्यात तिनं स्वतः छपरावर चढून कवेलू फेरले होते.

अस्मानं बजावलं, त्यांना घराबाहेर काढायचं नाही आणि केसबद्दल बोलायचं नाही. तिकडे अनिकेतनं शीलाला सांगितलं, राहतं घर सोडायचं नाही आणि समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही. दोघी वकिलांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. त्यांनी केसबद्दल बोलणं सोडलं, आणि बोलणंच सोडलं. एका चुलीवर शिजलेलं खायचं, एका मोरीवर नाहायचं, आणि जे काय सांगायचं ते बैलाला सांगायचं. बैलाचं नाव चांद्या. तो अंगणात बांधलेला असायचा आणि त्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागायच्या.

"चांद्या, कोनाले चहा पायजे असंन तर चुलीवर हाये."

"चांद्या, चहात साखर टाकाची पद्धत या घरातून उठली का बाप्पा?"

पौष उजाडला तसा कापूस चावू लागला. घरात कापूस फार दिवस राहिला की त्यात बारीक किडे होतात, डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला कळतात. आधी मनगटांवर गांधी उठल्या, मग मानेवर, मग पोटावर. उर्वशी करंजाचं तेल देऊन गेली. दोघी दुपारी अंगणात बसून, एकमेकींकडे पाठ करून, हातापायांना तेल चोळायच्या. पण पाठीच्या मधोमध एक जागा असते, तिथं माणसाचा स्वतःचा हात जात नाही. शीलानं लाटणं वापरून पाहिलं, दाराच्या चौकटीला घासून पाहिलं. एक दिवस ती काही न बोलता सरकत सरकत आली आणि जयापुढं पाठ करून बसली.

जयानं थोडा वेळ जाऊ दिला. मग ज्वारी साफ करायच्या सुपाची कड घेतली आणि खसाखसा खाजवलं.

"चांद्या," शीला डोळे मिटून म्हणाली, "जरा वर."

मग जयानं पाठ फिरवली, आणि सूप शीलाच्या हातात गेलं.

अस्मा यादी करायला आली ती याच दिवसांत. मेलेल्या माणसाचं काय काय होतं ते सुईदोऱ्यापर्यंत कोर्टाला सांगावं लागतं, असं ती म्हणाली. बसायला दुसरी जागाच नव्हती म्हणून कापसाच्या गंजीवरच बसली, मांडीवर वही घेतली.

"बैलजोडी?"

"जोडी नाई, एक बैल," जया म्हणाली. "दुसरा रामसिंगचा."

"फवारणीचा पंप?"

"एक. अन् एक बिघडेल."

"घंगाळ," शीला मधेच म्हणाली. "पितळी. माह्या मायचं."

"म्याडम, घंगाळ माह्या माहेराहून आलं. त्याच्यावर नाव हाये."

घंगाळ आणलं. राखेनं घासघासून नाव पुसलं गेलं होतं. शेवटी एक 'ज' दिसला, पण तो 'न'ही असू शकला असता. अस्मानं लिहिलं: घंगाळ, पितळी, एक, वादग्रस्त.

"घोडी होती," शीला म्हणाली. "शिंगरू असताना माह्या बापानं घेतली होती."

"ती मरून तीस साल झाले, म्याडम!"

"मेली तरी होती का नाई?"

"शीलाबाई," अस्मा मान खाजवत म्हणाली, "यादी मेलेल्या माणसाची आहे. मेलेल्या घोडीची नको."

दोन तास यादी चालली. कुदळी, विळे, खाट, मोडकी खाट, तीन छत्र्या, विहिरीवरची मोटर. संध्याकाळी अस्मा उठली तेव्हा तिच्या गळ्यावर लाल पट्टा उठला होता.

तारखेच्या दिवशी दोघी सकाळच्या एकाच बसनं वणीला जायच्या, कारण पिंपरडोहहून दुसरी बसच नव्हती. बसमध्ये कोळशाच्या खाणीवर जाणारी माणसं कोंबलेली असायची. त्यामुळं जागा मिळाली तर एकच मिळायची आणि दोघी तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या बसायच्या. कोर्टाच्या आवारात उतरल्यावर मात्र शीला कडुनिंबाखाली आणि जया नळापाशी. डबा एकच असायचा, कारण घरात डबाच एक होता. दुपारी जया डबा उघडून आपली भाकर आणि आंबाडीची भाजी काढून घ्यायची आणि उरलेला डबा पायरीवर ठेवून द्यायची. थोड्या वेळानं शीला येऊन तो न्यायची.

एकदा अनिकेत वकील तिच्याबरोबर जेवायला बसला. दोन भाकरी खाल्ल्यावर म्हणाला, "शीलाबाई, आंबाडी फर्स्टक्लास आहे. तुम्ही केली?"

"समोरच्या पार्टीनं केली," शीला म्हणाली.

अनिकेतचा घास हातातच राहिला. मग बराच विचार करून त्यानं तो खाल्ला.

कापूस पिवळा पडू लागला. अस्मानं कोर्टाला अर्ज दिला, की माल नासतोय, तो विकायची परवानगी द्यावी, पैसे कोर्टात जमा करू. अनिकेत उठून म्हणाला, माल नासतोय याला पुरावा काय? अस्मानं यादीपासूनच्या तीन खेपांत त्या घरात पुष्कळ पुरावा मिळवला होता. बोलता बोलता ती एका हातानं कागद धरत होती आणि दुसऱ्या हातानं कोपर खाजवत होती. तिकडे जया खाजवत होती. इकडे शीला खाजवत होती. शीलाशेजारी बसून बसून अनिकेतनंही कॉलरमध्ये बोट घातलं. न्यायाधीशबाईंनी चौघांकडे पाहिलं, मग नकळत स्वतःचं मनगट चोळलं आणि लगेच परवानगी लिहून दिली.

कापूस भरायला पियूष म्हणाला, मी ट्रक आणतो. "कोळशाचा?" जया ओरडली. "पांढऱ्याचा काळा करतं का?" शेवटी मुकुटबनहून एक भाड्याचा टेम्पो आला. ऊन तापायच्या आत भरायचा म्हणून सहालाच सुरुवात झाली. जया गाठोडी बांधायची, हमाल वर फेकायचे, आणि टेम्पोत कापूस तुडवायला कोणी तरी पाहिजे होतं. तुडवल्याशिवाय तो मावत नाही. जया चढायला निघाली तर शीला आधीच वर चढलेली.

"म्याडमनं सांगतलं, दोन्ही पार्ट्या हजर पायजे," ती हवेत म्हणाली.

बासष्ट वर्षांची शीला मांडीपर्यंत कापसात रुतून तुडवू लागली. तोंडाला पदर, केसांत सरकी. गंजी वाढत गेली तशी ती वर वर जाऊ लागली. उर्वशीच्या घराच्या कवेलूंइतकी उंच गेली आणि तिथं तिला कळलं की आता खाली येता येत नाही.

"चांद्या!" वरून हाक आली. पण चांद्या त्या दिवशी वावरात होता.

जया खालून पाहत राहिली. फार वेळ नाही, एखादा घास चावायला लागतो तितका. मग ती टेम्पोच्या चाकावर पाय देऊन चढली, दोन्ही हात वर केले आणि शीलाला कमरेला धरून घसरवत खाली घेतलं. दोघी एकदम घसरल्या आणि अंगणात सांडलेल्या कापसात आपटल्या. हमाल हसले. उर्वशी हसली. त्या दोघी मात्र उठून आपापली लुगडी झाडत दोन दिशांना गेल्या. शीला हसू आवरायला मोरीत जाऊन उगाच पाय धुत बसली होती, हे जयाला पाण्याच्या आवाजावरून कळलं.

घर रिकामं झालं. पण साक्ष अजून बाकी होती, आणि जीव मुठीत धरावा अशी तीच होती. कागदावरच्या साक्षीदारांतला एकच माणूस उरला होता, रामसिंग. त्याचं वय त्यालाही माहीत नव्हतं. खोटं त्याला बोलता येत नव्हतं आणि खरं थोडक्यात बोलता येत नव्हतं. अस्मानं त्याला आठ दिवस आधीपासून शिकवलं, "विचारलं तेवढंच सांगायचं, बाबा." तो दरवेळी मान हलवायचा आणि चांद्याच्या दातांबद्दल सांगू लागायचा.

फाल्गुनातल्या तारखेला तो पांढरं धोतर, लाल पागोटं घालून पिंजऱ्यात उभा राहिला. सही नरहरचीच आहे म्हणाला, माझा अंगठा माझाच आहे म्हणाला. तिथपर्यंत ठीक झालं. मग अनिकेत उठला.

"सही केली तेव्हा नरहर यांचं डोकं ठिकाणावर होतं का?"

"नव्हतं, साहेब."

अस्मानं डोळे मिटले. जयाच्या डोळ्यांपुढून कवेलू, विहीर, नाल्याकाठची पऱ्हाटी, सगळं एकदम गेलं. अनिकेत दोन पावलं पुढं सरकला. "नव्हतं? नीट सांगा कोर्टाला."

"ठिकानावर असतं तं त्यानं माह्या बैलासंगं आपला बैल जुपला असता का? माहा आधीचा बैल आंधळा होता, साहेब. साऱ्या गावाले ठावं. यानं दोन साल आंधळ्यासंगं वावर वाह्यलं, काहून तं माह्यापाशी दुसरा नव्हता. तास वाकडं जाये तं म्हणे, जाऊ दे रामसिंग, पऱ्हाटीले कुठं दिसते. हे काय ठिकानावरच्या मानसाचं काम हाये?"

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, त्या दिवशी आपण काय लिहितोय ते त्यांना समजत होतं का, एवढंच सांगा."

"समजत होतं ना. माह्या चहाचे पैसे त्यानं देल्ले, चिल्लर मोजून घेतली. येडा मानूस चिल्लर मोजत नाई, साहेब."

अनिकेतनं अजून आशा सोडली नव्हती. "सख्ख्या बहिणीला काही न देता सगळं भावजयीला दिलं. तुम्हाला हे विचित्र नाही वाटलं?"

अस्मा हरकत घ्यायला उठलीच होती, पण रामसिंग तिच्यापेक्षा पुढं होता.

"वाटलं. म्या त्याले बोल्लो बी. म्हटलं, लेका, बहिनीले काई लिव्ह ना. तो म्हणे, रामसिंग, माह्या कागदातून देल्लं तं शीला एकदा येईन, घेईन, अन् जाईन. मंग तिले कोन बलावते? जयाच्या हातून देल्लं तं दोघीले एकमेकीचं तोंड पाहा लागन. मी मेल्यावर तिले माहेर पायजे का नको?" रामसिंग थांबला, त्यानं पागोटं सारखं केलं. "अन् म्हणे, दोघी बी भांडखोर हायेत. ठरवता ठरवता धा साल सहज जाईन. तवरोक येनं-जानं राहीन."

मागच्या बाकांवर कोणी तरी हसलं. न्यायाधीशबाईही हसल्या आणि खाली पाहून लिहू लागल्या. जयानं शीलाकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

"आणखी एक प्रश्न..." अनिकेत म्हणाला.

"कागद काढून घ्या," मागून शीला म्हणाली.

"अं?"

"हरकतीचा कागद. काढून घ्या."

अनिकेत तिच्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "शीलाबाई, आत्ता कुठं रंग चढून राह्यला..."

"मंग रंगवत बसा तुम्ही. मले साडेतीनची बस हाये."

बसमध्ये त्या दिवशी दोघींना दोन वेगवेगळ्या जागा मिळत होत्या. शीला खिडकीच्या जागेवर बसली आणि शेजारी पिशवी ठेवून तिनं ती अडवून धरली. जया आली तशी पिशवी उचलली. वाटेतलं नवरगाव मागं पडल्यावर शीला बाहेर पाहतच म्हणाली, "आज आंबाडी खारट झालती."

"झालती," जया म्हणाली.

कोर्टाचा हुकूम चैत्रात आला. मृत्युपत्र खरं ठरलं. तलाठ्याकडं फेरफार पडला आणि सातबाऱ्यावर जयाचं नाव चढलं. तिनं तो कागद उर्वशीला दाखवला, पियूषला फोनवर वाचून दाखवला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मग एका सकाळी अस्मा शेवटचं काम आटपायला आली. यादी काढून एकेका वस्तूवर खूण करू लागली. बैल, आहे. मोटर, आहे. छत्र्या तीन, दोन सापडल्या. रामसिंगही आला होता, अर्ध्या जोडीच्या भानगडीत आपला बैल लिहिला जाऊ नये म्हणून.

"घंगाळ, वादग्रस्त," अस्मानं वाचलं.

"जयाचंच हाये ते," शीला खाटेवरून म्हणाली. "माह्या मायचं याहून मोठं होतं."

अस्मानं खूण केली. "आता शेवटचं कलम. शीलाबाईंना काय द्यायचं ते काकूंनी ठरवायचं."

जयानं हे पाच महिने ठरवलं होतं. पौषात तिनं ठरवलं होतं, बिघडलेला फवारणीचा पंप द्यायचा. माघात मोडकी खाट. ती हात पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"नाल्याकाठचा एकर."

शीला खाटेवर ताठ बसली. "तो कायले? तिथं तं सगळ्यात चांगली पऱ्हाटी होते. मुरमाडातला दे."

"मुरमाडातला देऊन लोकायच्या शिव्या खाऊ का?"

"अन् मी दिग्रसहून निंदाले येऊ?"

"निंदन मी करीन. तुम्ही पेरनीले या, अन् वेच्याले या. तुडवाले तुमच्यावानी कोनी नाई."

रामसिंग मोठ्यानं हसला. शीलाचं तोंड रागानं लाल झालं, पण तो राग काही पुरा नव्हता. ती चुलीकडं पाहत म्हणाली, "म्हंजे दर साली तुह्या हातची भाकर खाची?"

"आता पलीकडचं दिसत नाई तिच्यातून," जया म्हणाली.

शीलानं चमकून तिच्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांपूर्वीची ती भाकरी तिलाही आठवत असावी, कारण ती खाटेची दोरी चाचपू लागली.

"मग काय लिहू?" अस्मानं विचारलं.

"लिव्हा," शीला म्हणाली. "एकर."

अस्मानं लिहिलं, जयाची सही घेतली. कोर्टाच्या पाच महिन्यांत जयाची सही चांगली घोटून तयार झाली होती. आता ती शेवटी एक झोकदार रेघही मारायची. चहा झाला. अस्मा वह्या पिशवीत भरू लागली तेव्हा शीलानं तिचा हात धरला.

"म्याडम, बसा जरा. माहं बी एक मृत्युपत्र लिहून घ्या. त्या एकरापुरतं. माहे दोघं पोरं दिग्रसले बसून वावर इकाले टपलेत, मले माहीत हाये."

"कोणाच्या नावानं?"

शीलानं इकडे-तिकडे पाहिलं, वाकली आणि अस्माच्या कानात काही बोलली. अस्मानं मान हलवली. अर्धं पान लिहिलं, वाचून दाखवायला लागली तर शीला म्हणाली, "मनात वाचा." मग ऐकू येणार नाही असं दोघींनी मिळून ते मनात वाचलं. शीलानं सही केली. रामसिंगनं अंगठा उठवला.

"आणखी एक साक्षीदार लागेल," अस्मा म्हणाली.

"मी हाये ना," जया म्हणाली. तिनं हात पदराला पुसले, पुढं होऊन पेन घेतलं आणि रेघेसाठी जागा कुठं आहे ते पाहू लागली. अस्मानं कागदावर तळहात ठेवला.

"काकू, तुमची सही नाही चालणार इथं."

"काहून? कोर्टात चालली, तलाठ्याकडं चालली. इथंच काहून चालत नाई?"

"तसं नाही. नियम असा आहे, की ज्याच्या नावानं लिहिलं, त्याचीच..."

"नियम-बियम राहू द्या, म्याडम," शीला घाईघाईनं म्हणाली. "जया, ठेव तो पेन. नाई चालत म्हंते तं नाई चालत. जा, उर्वशीले बलाव."

जयानं पेन ठेवलं. तोंड फुगवून अंगणात उतरली. पाहा, पाच महिने मर मर मरून सही शिकली, एकर देला, तरी हिच्या कागदावर आपली सही नको. असं पुटपुटत ती कुंपणापर्यंत गेली आणि तिथं तिचे पाय थांबले.

ज्याच्या नावानं.

मागं वळून पाहिलं तर ओसरीवर शीला पाठ करून बसली होती आणि रामसिंगला उगाच चांद्याच्या दातांबद्दल फार बारकाईनं विचारत होती. जयानं पदरानं नाक पुसलं. मग कुंपणावरून मान लांब करून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"उर्वशी! ओ उर्वशी! ये वं लवकर, सही पायजे तुही! अन् येताना वाटीभर साखर आन, माह्या नणंदेले बिनसाखरेचा चहा चालत नाई!"